प्लगचा गॅप आणि इंजिनाचे मिसिंग : निदान व दुरुस्ती



पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप, बांधावरचे गवत काढणारा ब्रश कटर, दोन ओळींतून फिरणारा पॉवर विडर आणि शेततळ्यातून पाणी उचलणारा लहान पंपसंच ही यंत्रे आता लहान शेतकऱ्याच्या घरीही दिसू लागली आहेत. या यंत्रांबाबत एक तक्रार नेहमी ऐकू येते. यंत्र दोरी ओढताच सुरू होते, रिकामे फिरताना बरे वाटते, पण कामाला लावले की 'मिसिंग' मारते. म्हणजे मधूनच ठोका चुकवते, अडखळते, धूर सोडते आणि ऐन कामात बंद पडते.

अशा वेळी बहुतेक जण प्रथम कार्बुरेटर खोलतात किंवा स्क्रू फिरवून पाहतात. त्याने मूळ दोष तसाच राहतो आणि चांगले बसविलेले कार्बुरेटर मात्र बिघडते. अशा तक्रारीत दोष अनेकदा स्पार्क प्लगच्या टोकाशी असलेल्या, एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीच्या फटीत असतो. या फटीलाच गॅप म्हणतात. तो कसा तपासावा व कसा दुरुस्त करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

मिसिंगमुळे होणारे नुकसान

मिसिंग म्हणजे केवळ आवाजातला दोष नव्हे. पाठीवरच्या पेट्रोल पंपात इंजिनाच्याच दांड्यावर पंखा बसविलेला असतो. पंख्याच्या जोरदार हवेने औषधी द्रावणाचे बारीक थेंब होतात व ते पिकात दूरवर जातात. इंजिनाने ठोके चुकविले की फेरे कमी होतात आणि हवेचा जोर घटतो. थेंब मोठे पडू लागतात, फवारा जवळच पडतो व पानांच्या खालच्या बाजूस औषध पोहोचत नाही. एका ओळीवर औषध जास्त तर दुसरीवर कमी पडते. रोग आटोक्यात आला नाही की शेतकरी औषधाला दोष देतो किंवा मात्रा वाढवितो. वास्तविक चूक औषधाची नसते, इंजिनाची असते. ढगाळ हवामानात द्राक्ष, कांदा, टोमॅटो यांसारख्या पिकांवर फवारणीची वेळ चुकली तर ती भरून काढता येत नाही.

याशिवाय चुकलेल्या प्रत्येक ठोक्याचे पेट्रोल न जळता बाहेर जाते. चार स्ट्रोक इंजिनात हे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल धुऊन काढते व खालच्या ऑईलमध्ये मिसळून ते पातळ करते. त्यामुळे पिस्टन व रिंगांची झीज वाढते. दोन स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरमध्ये चिकट काजळी साचते आणि काही दिवसांनी इंजिनाची ताकद आणखी कमी होते.

डिझेल इंजिनाची सवय व पेट्रोल इंजिन

महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा हात डिझेल इंजिनावर बसलेला आहे. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची इंजिने विहिरींवर वर्षानुवर्षे चालली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स, म्हणजे आताच्या कमिन्स इंडिया, कंपनीने कोथरूडमध्ये मोठी डिझेल इंजिने बनविली. कोथरूडला लागून असलेले कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्वे यांच्या स्त्री-शिक्षणाच्या कार्यामुळे हे गाव ओळखले गेले. त्यांच्या संस्थेचे मुलींसाठीचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून याच कर्वेनगरात आहे. ज्या भागात मुली अभियांत्रिकी शिकतात, तेथे यंत्राची देखभाल हे केवळ पुरुषांचे काम मानण्याचे कारण नाही. बचत गटाने फवारणी पंप घेतला असेल तर प्लग तपासण्याचे काम गटातील भगिनींनी अवश्य शिकून घ्यावे.

सांगरूण, बहुली, कुडजे या मुठा खोऱ्यातील गावांकडून पुण्यात येताना वारजे ओलांडले की कर्वेनगर लागते. भातखाचरांच्या बांधावर चालणारा ब्रश कटर मिसिंग मारू लागला की तो पिशवीत घालून शहरातील गॅरेज गाठावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु त्यात अर्धा दिवस मोडतो. प्लगच्या गॅपचे काम घरच्या अंगणात पंधरा-वीस मिनिटांत होण्यासारखे आहे.

मात्र एक फरक लक्षात ठेवावा. डिझेल इंजिनाला प्लग नसतो. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. म्हणून डिझेल इंजिन अडखळले की आपण पाइपातली हवा काढतो, नोझल पाहतो. पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटवावे लागते. म्हणून तेथे इंधनाइतकेच लक्ष ठिणगीकडे द्यावे लागते.

गॅपचे काम काय?

जर्मनीतील बॉशच्या कारखान्यात १९०२ मध्ये उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार झाला. आपल्या लहान इंजिनांत आजही मुळात हीच पद्धत आहे. फिरत्या चाकातील चुंबक कॉइलजवळून जातो, कॉइलमध्ये हजारो व्होल्टची वीज तयार होते आणि ती जाड वायरीतून प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत येते. तेथून बाजूच्या वाकड्या इलेक्ट्रोडवर ती उडी मारते. ही उडी म्हणजेच ठिणगी.

उघड्या हवेत एक मि.मी. उडी मारण्यासाठी सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेलेले असल्याने तेवढ्याच उडीसाठी कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. ॲक्सिलरेटर जितका जास्त द्यावा तितके मिश्रण जास्त आत येते, दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारणे अवघड होते. पुढील सर्व लक्षणांचा उलगडा या एका गोष्टीने होतो.

गॅप जास्त असल्यास : कमी वेगात दाब कमी असतो म्हणून ठिणगी पडते व इंजिन ठीक चालते. भार आला किंवा पूर्ण वेग दिला की ठिणगीला उडी मारता येत नाही आणि ठोका चुकतो. कॉइलवर ताण पडतो. वीज सोपी वाट शोधते व प्लगच्या टोपीतून किंवा वायरीच्या भेगेतून बाहेर निसटते.

गॅप कमी असल्यास : ठिणगी सहज पडते, पण ती आखूड व अशक्त असते. मिश्रण नीट पेटत नाही. इंजिन कमी वेगात थरथरते, सुरू होण्यास त्रास देते व वारंवार काजळी धरते. काजळीचा लहानसा कणही दोन्ही इलेक्ट्रोड जोडून टाकतो आणि ठिणगी पूर्ण बंद होते.

वापराबरोबर गॅप हळूहळू वाढतच जातो, कारण प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचा अत्यंत सूक्ष्म भाग खाते. दोन स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेरे करीत असेल तर प्लगवर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. याउलट गॅप कमी असण्याची कारणे म्हणजे प्लग खाली पडणे, बसविताना ठेचला जाणे किंवा दुकानातून आणलेला नवा प्लग न मोजता बसविणे.

लक्षणांवरून अंदाज

१. रिकामे चालताना ठीक, भारावर मिसिंग : गॅप जास्त असण्याचा संशय प्रथम घ्यावा.
२. कमी वेगात थरथर, वेग दिल्यावर सुधारणा : गॅप कमी किंवा प्लगवर काजळी.
३. इंजिन थंड असताना ठीक, १५-२० मिनिटांनी गरम झाल्यावर मिसिंग व बंद : कॉइल किंवा प्लगमधील चिनी मातीच्या भागास तडा.
४. वेग देताच धाप लागून बंद, चोक ओढल्यावर थोडे सुधारते : इंधन कमी येते. टाकीतील फिल्टर, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र व कार्बुरेटर पाहावे. हा गॅपचा दोष नव्हे.
५. दमट हवेत किंवा पावसात मिसिंग : प्लगची टोपी व वायर यांतून वीज निसटते.

हा केवळ अंदाज आहे. खात्री प्लग काढून पाहिल्यावरच होते.

तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

१. फवारणी पंपाच्या टाकीतील औषध आधी काढून घ्यावे. टाकी व नळी स्वच्छ पाण्याने धुवावी, हात साबणाने धुवावेत, मगच इंजिनाला हात लावावा.
२. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढल्यास आटे निघण्याची भीती असते.
३. पेट्रोलचा कॉक बंद करावा. सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्यावे. जवळ विडी, काडेपेटी, चूल नसावी.
४. ब्रश कटर किंवा विडरच्या पात्यांवर काम करण्यापूर्वी प्लगची टोपी नेहमी काढून ठेवावी.

प्लग काढणे व वाचणे

प्लगच्या भोवतालची माती व गवत प्रथम ब्रशने झाडून काढावे, नाहीतर प्लग काढताच ती सिलिंडरमध्ये पडते. टोपी हाताने धरून सरळ ओढावी, वायर धरून ओढू नये. योग्य मापाच्या प्लग पान्याने प्लग डावीकडे फिरवून काढावा. साधा किंवा पाइप पाना तिरका लावल्यास चिनी मातीला तडा जातो.

आता प्लगचे टोक उजेडात पाहावे. प्लग इंजिनाची प्रकृती सांगतो.

फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग : इंजिन व मिश्रण ठीक. केवळ गॅप तपासावा.
कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर घाण झाला आहे किंवा चोक अर्धवट लागलेला आहे.
काळा, ओला व तेलकट : दोन स्ट्रोक इंजिनात ऑईल जास्त घातले आहे. चार स्ट्रोक इंजिनात रिंग झिजल्याची शक्यता.
पेट्रोलने भिजलेला : ठिणगी पडत नाही किंवा वारंवार दोरी ओढल्याने पेट्रोल तुंबले आहे.
पांढरा, फोड आलेला, कडा वितळलेल्या : इंजिन जास्त तापते. हवा कोठून तरी गळते किंवा प्लग चुकीच्या नंबरचा आहे. असा प्लग पुन्हा वापरू नये.

इलेक्ट्रोडच्या कडा धारदार व चौकोनी असतील तर प्लग चांगला समजावा. कडा गोल झाल्या असतील किंवा चिनी मातीला बारीकसा तडा असेल तर गॅप जुळविण्यात वेळ घालवू नये, नवा प्लग घ्यावा.

गॅप मोजणे व जुळविणे

लागणारे साहित्य : प्लग पाना, फिलर गेज, पितळी तारेचा मऊ ब्रश, थोडे पेट्रोल व स्वच्छ फडके. फिलर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पंप किंवा कटर बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते घरी ठेवावे.

१. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तकातील गॅपचे माप पाहावे. लहान पेट्रोल इंजिनांत ते सर्वसाधारणपणे ०.५ ते ०.८ मि.मी. दरम्यान असते. काही ब्रश कटरना ०.५ मि.मी., दोन स्ट्रोक फवारणी पंपांपैकी अनेकांना ०.६ ते ०.७ मि.मी., तर चार स्ट्रोक पंपसंचांना बहुधा ०.७ ते ०.८ मि.मी. लागते. शेजाऱ्याच्या यंत्राचे माप आपल्या यंत्राला लावू नये.

२. प्लग ब्रशने व पेट्रोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावा. खरखरीत पॉलिश पेपरने चिनी मातीचा भाग घासू नये. त्यावर ओरखडे पडून काजळी लवकर धरते.

३. फिलर गेजची योग्य मापाची पट्टी दोन इलेक्ट्रोडमध्ये सरकवावी. पट्टी किंचित अडकत, पण जोर न लावता सरकली पाहिजे. ढिली गेली तर गॅप जास्त, आतच गेली नाही तर गॅप कमी समजावा.

४. गॅप जास्त असल्यास बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड लाकडी ठोकळ्यावर हलकेच टेकवून ठोकावा. कमी असल्यास तोच इलेक्ट्रोड लहान पक्कडीने किंवा गेजच्या वाकविण्याच्या खाचेने किंचित वर उचलावा.

५. नेहमी बाजूचाच इलेक्ट्रोड वाकवावा. मधल्या इलेक्ट्रोडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून जोर दिल्यास आतील चिनी माती फुटते व प्लग निकामी होतो.

६. प्रत्येक वेळी थोडेसेच वाकवून पुन्हा मोजावे. शेवटी दोन्ही इलेक्ट्रोड समोरासमोर व समांतर आहेत याची खात्री करावी.

उदाहरणार्थ, पुस्तकात ०.६ ते ०.७ मि.मी. माप दिले आहे आणि आपल्या प्लगमधून ०.९ ची पट्टी सहज जाते. म्हणजे गॅप किमान ०.२ मि.मी. जास्त आहे. ही वाढ डोळ्यांना जाणवतही नाही, पण पूर्ण वेगात मिसिंग होण्यास ती पुरेशी ठरते. इलेक्ट्रोड हलकेच ठोकून ०.६५ ची पट्टी किंचित अडकत जाईल असे करावे. अशा वेळी ०.६ ची पट्टी सहज जाते आणि ०.७ ची जात नाही. यावरून माप बरोबर आल्याची खूण पटते.

शेतात गेज हाताशी नसेल तर हॅकसॉचे हातकरवतीचे पाते तात्पुरते उपयोगी पडते. अशा पात्याची जाडी बहुधा ०.६३ ते ०.६५ मि.मी. असते. मात्र दातांकडची बाजू वापरू नये, कारण दात दोन्ही बाजूंना वाकविलेले असतात. पाठीकडची सपाट बाजू वापरावी व घरी आल्यावर गेजने माप पुन्हा तपासावे.

प्लग बसविणे

प्लग प्रथम बोटांनीच आट्यांत फिरवावा. तो तिरका जात असेल तर काढून पुन्हा लावावा. बोटांनी बसल्यानंतर पान्याने आवळावा. नवा प्लग वायसर टेकल्यावर अर्धा फेरा, तर वापरलेला प्लग एक-अष्टमांश ते पाव फेरा आवळणे पुरेसे होते. ढिला प्लग तापतो व दाब गळतो. जास्त आवळल्यास हेडचे आटे जातात.

ठिणगीची परीक्षा

प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा व दोरी ओढावी. निळसर, कडक ठिणगी चांगली. पिवळसर, बारीक ठिणगी अशक्त समजावी. ही परीक्षा प्लगच्या छिद्राजवळ करू नये, कारण छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते व भडका उडू शकतो. प्लग धातूला न टेकवता दोरी ओढल्यास झटका बसतो व कॉइलही खराब होते.

मात्र बाहेर ठिणगी दिसली म्हणून प्लग निर्दोष ठरत नाही. बाहेर सिलिंडरचा दाब नसतो. वाढलेल्या गॅपचा प्लग बाहेर झकास ठिणगी देतो आणि आत दाबाखाली चुकतो. ठिणगी पाहून प्लग चांगला ठरविणे आणि मग कार्बुरेटर खोलणे, ही नेहमी होणारी चूक आहे. म्हणून ठिणगी पाहण्याबरोबर गॅप मोजलाच पाहिजे.

गॅप बरोबर असूनही मिसिंग होत असल्यास

१. योग्य नंबरचा, गॅप जुळविलेला नवा प्लग लावून पाहावे. मिसिंग थांबल्यास दोष जुन्या प्लगचाच.
२. टोपी व वायर अंधारात पाहावी. इंजिन चालू असताना कोठे ठिणगी चमकत असेल तर वीज तेथे निसटते. या वेळी हात लावू नये.
३. कॉइल व चुंबकाचे चाक यांमधील अंतर पाहावे. ते अनेक इंजिनांत ०.३ ते ०.४ मि.मी. असते. हे अंतर वेगळे व प्लगचा गॅप वेगळा. दोन्हींची गल्लत करू नये.
४. एवढ्यानेही फरक न पडल्यास इंधन, एअर फिल्टर आणि शेवटी दाब तपासून घ्यावा. कॉइल व कार्बुरेटरचे काम जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावे.

दोष पुन्हा येऊ नये म्हणून

प्लग बदलूनही काही दिवसांत तीच तक्रार आली तर कारण अन्यत्र असते. दोन स्ट्रोक इंजिनात ऑईल अंदाजाने ओतू नये. पुस्तकात ५० ला १ प्रमाण असल्यास एक लिटर पेट्रोलला २० मि.लि. आणि २५ ला १ असल्यास ४० मि.लि. ऑईल मापाने घालावे. चार स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळू नये. एअर फिल्टर धूळ व पावडरीच्या कामानंतर रोज झटकावा किंवा धुवावा.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषते. म्हणून हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल शिल्लक ठेवू नये. टाकी रिकामी करून कार्बुरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

प्लग खरेदी करताना जुन्या प्लगवरील पूर्ण नंबर दाखवावा. नंबरातील अंकावरून प्लग गरम की थंड प्रकारचा आहे ते कळते, पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. एनजीकेच्या प्लगमध्ये अंक मोठा म्हणजे प्लग थंड, तर बॉशच्या प्लगमध्ये अंक लहान म्हणजे प्लग थंड. तसेच नंबरात 'आर' अक्षर असलेल्या प्लगऐवजी साधा प्लग लावू नये. नवा प्लगही मोजूनच बसवावा.

वेळापत्रक

दोन स्ट्रोक यंत्राचा प्लग हंगाम सुरू होण्यापूर्वी व त्यानंतर सुमारे २५ तासांच्या कामानंतर पाहावा. सुमारे १०० तासांनी बदलावा. चार स्ट्रोक इंजिनाचा प्लग १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी तपासावा व सुमारे ३०० तासांनी बदलावा. माहितीपुस्तकात वेगळा अवधी असल्यास तो पाळावा. प्लग बदलल्याची तारीख व गॅपचे माप टाकीच्या झाकणाखाली किंवा वहीत लिहून ठेवावे. एक जुळविलेला जादा प्लग व प्लग पाना फवारणीस जाताना सोबत असावा.

थोडक्यात, भारावर मिसिंग होत असेल तर कार्बुरेटरचा स्क्रू फिरविण्यापूर्वी प्लग काढावा, त्याचा रंग पाहावा, गॅप गेजने मोजावा आणि बाजूचा इलेक्ट्रोड वाकवून माप जुळवावे. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी दिलेली ही पंधरा मिनिटे दुसऱ्या दिवशीची फवारणी वाया जाऊ देत नाहीत. येत्या हंगामापूर्वी आपल्या घरातील प्रत्येक पेट्रोल इंजिनाचा प्लग एकदा अवश्य तपासावा.